एकदा घालून टाकून द्यायचे झगे : साठच्या दशकातील मुलांचे कागदी कपडे

सुतगुंडी (या चर्चेचा धागा सुरू करणारी)

१९६६ साली अमेरिकेतील स्कॉट पेपर कंपनीने आपल्या रंगीत कागदी रुमालांची आणि टॉयलेट पेपरची जाहिरात करण्यासाठी एक कूपन काढले. कूपनासोबत सव्वा डॉलर पाठवला की बायकांसाठी बिनबाह्यांचा एक कागदी झगा टपालाने घरी येत असे. नक्षीचे पर्याय दोनच होते. एक लाल, डोक्याला बांधायच्या छापील रुमालासारखी, आणि दुसरी डोळ्यांना भोवळ आणणारी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची. ‘पेपर केपर’ नावाचा हा झगा केवळ जाहिरातीपुरता होता, परंतु वर्ष उलटण्याआधीच त्याला सुमारे ५ लाख मागण्या आल्या आणि पुढची दोनेक वर्षे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये कागदी कपड्यांचे अक्षरशः पेव फुटले. उत्तर कॅरोलायनातील ॲशव्हिल येथील मार्स मॅन्युफॅक्चरिंग ही मूळची पायमोजे विणणारी कंपनी ‘वेस्ट बास्केट बुटीक’ या नावाखाली आठवड्याला ८० हजारांहून अधिक झगे तयार करू लागली. लंडनमध्ये ‘डिस्पो’ या नावाचे झगे निघाले. कॅम्पबेल कंपनीने सूपच्या डब्यांची नक्षी असलेला झगा एक डॉलर आणि डब्यांवरची दोन लेबले यांच्या बदल्यात देऊ केला, आणि १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर उमेदवारांचे चेहरे छापलेले झगेही प्रचारात उतरले.

या लाटेविषयी लिहिणारे बहुतेक जण पॉप आर्ट (जाहिराती आणि रोजच्या वस्तूंवरून केलेली कला), सूपच्या डब्यांची चित्रे काढणारा अँडी वॉरहॉल आणि त्याचे ते डबे येथेच रमतात. मला मुलांच्या कपड्यांविषयी बोलायचे आहे, कारण या कपड्यांच्या बाजूने जे जे मुद्दे त्या काळी मांडले जात होते ते सगळे मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक लागू पडतात. मूल भराभर वाढते, त्यामुळे त्याचा कपडा फाटण्याआधी आखूड होतो. मूल जेवताना सांडते, चिखलात बसते, रंगांत हात बुडवते, म्हणून त्याच्या कपड्यांचे धुणे सर्वांत जास्त असते. वाढदिवसाचा झगा तर एका संध्याकाळीच अंगावर चढतो. एवढे सगळे अनुकूल असूनही लहान मुलींचे कागदी झगे हा बायकांच्या झग्यांच्या मागून आलेला, मापाने छोटा केलेला पुरवणी माल राहिला आणि लाट ओसरताच तोही गेला.

माझ्या मते याचे कारण त्या झग्याच्या घडणीतच आहे. खांद्यापासून खाली सरळ पसरत जाणारा, कमरेला चुणी नाही, टीप कमीत कमी, असा तो आकार होता. तो अंगावर मोठा झाला तर कात्रीने कापा आणि फाटला तर चिकटपट्टी लावा, असे सांगितले जाई. स्कर्टची लांबी दर हंगामाला वर सरकत होती तेव्हा मोठ्या बाईला ही कात्रीची सोय फार आवडली असणार. मुलाच्या कपड्याला मात्र नेमकी उलट सोय हवी असते. आपल्याकडे शिंप्याला ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे सांगतात आणि तो आत चार बोटे कापड दुमडून ठेवतो, ते पुढच्या वर्षी उसवता यावे म्हणून. कागदी झग्यात दुमडलेला भाग उसवला तर घडीची रेघ तशीच राहते आणि त्याच रेघेवर तो फाटतो. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ही कल्पना सर्वांत योग्य होती, त्याचाच विचार करून ती आखली गेली नव्हती. आपल्याला काय वाटते?

नीरक्षीर

विषय आवडला. किमतीचा मुद्दा मात्र आधी निकालात काढावा असे मला वाटते. सव्वा डॉलर आज किरकोळ वाटतो, परंतु १९६६ मध्ये अमेरिकेचे संघीय किमान वेतन ताशी सव्वा डॉलरच होते. म्हणजे कारखान्यात तळाच्या पगारावर काम करणाऱ्या आईसाठी एक कागदी झगा म्हणजे एका तासाची मजुरी. त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता, त्या दराने ही रक्कम नऊ रुपयांच्या वर जाते. मोठी बाई असा झगा पार्टीपुरता घालून, सांभाळून घडी करून, तीनचार वेळा वापरू शकत होती. सहा वर्षांची मुलगी त्यात जेवढा वेळ धड राहील त्याचा हिशेब कोणत्याही आईला मनातल्या मनात करता येतो. सुती फ्रॉक महाग असला तरी तो एका मुलीचा झाला की धाकटीला येतो, मग शेजारणीच्या मुलीला जातो आणि शेवटी पुसण्याचे फडके होतो. कागदी कपड्याचा हिशेब ‘एक कपडा, एक मूल’ असा आहे, आणि साठच्या दशकातील अमेरिकी कुटुंबांत मुले काही एकेकटी नव्हती.

पिंजारी

मी न विणलेल्या कापडाच्या उद्योगात काम करतो, म्हणून या झग्यांचा ‘कागद’ म्हणजे काय होते ते सांगतो. वहीचा कागद अंगावर घातला तर बसताक्षणीच फाटेल. स्कॉटच्या मालाला ‘ड्युरा-वीव्ह’ म्हणत. त्यात कागदी रुमालासारख्या मऊ लगद्याच्या थरांमध्ये रेयॉनच्या (लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या कृत्रिम) धाग्यांची विरळ जाळी चिकटवलेली असे. मार्स कंपनी किंबर्ली-क्लार्कचे ‘केसेल’ वापरत असे. त्यात ९३ टक्के सेल्युलोज आणि ७ टक्के नायलॉन होते. जाळीमुळे चीर लांबवर पळत नाही, धाग्यापाशी अडते. लगद्यामुळे माल स्वस्त पडतो आणि छपाई झकास उठते. त्या काळच्या झग्यांवर इतकी भडक नक्षी दिसते त्याचे एक कारण हे आहे. विणलेल्या कापडासारखी वळण घेणारी पडण या मालाला नाही, मग नजर आकाराकडे जाऊ न देता छापाकडे वळवणेच बरे.

आता मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण पाण्याची आहे. कागदातील तंतू एकमेकांना मुख्यतः हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधील कमकुवत ओढीने) धरून असतात आणि पाणी शिरले की ते बंध सुटतात. ओला झाल्यावर साध्या कागदाची बहुतांश ताकद जाते. ओल सहन करणारी राळ लगद्यात मिसळली तर तिचा काही भागच शिल्लक राहतो. आधाराला घातलेले त्या काळचे साधे रेयॉनही ओले झाल्यावर जवळपास निम्मे दुबळे होते. सुताचे याच्या अगदी उलट आहे, कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. मूल म्हणजे घाम, लाळ, सांडलेले दूध आणि नळाखाली भिजलेल्या बाह्या. दुसरी गोष्ट ताणाची. विणलेले कापड तिरके ओढले की ताणते आणि परत येते. झाडावर चढताना, घसरगुंडीवरून येताना काखेत आणि पाठीवर जो तिरका ताण पडतो तो सुती फ्रॉक सहन करतो, कागदी झगा काखेतच उलतो. उभ्या उभ्या हातात पेला धरून गप्पा मारणाऱ्या बाईच्या अंगावर हाच माल पुरेसा होता.

अडकित्ता

दोन्ही मुद्दे मान्य आहेत, पण मुलांच्या बाबतीत आगीचा प्रश्न इतका पुढे असताना त्याचा उल्लेखच कसा झाला नाही याचे आश्चर्य वाटते. या झग्यांवर ज्वालारोधक प्रक्रिया केलेली असे आणि लेबलावर स्पष्ट इशारा असे की झगा धुतला, भिजवला किंवा ड्रायक्लीन केला, तर वाळल्यावर तो धोकादायक रीतीने पेट घेऊ शकतो. याचा अर्थ ही प्रक्रिया पाण्यात विरघळून जाणाऱ्या द्रव्यांची होती. मोठी बाई इशारा वाचेल आणि झगा धुणार नाही. मुलीने त्यावर सरबताचा पेला उपडा केला, आईने ओल्या फडक्याने पुसून दोरीवर टाकला आणि मुलगी तोच झगा घालून केकवरच्या मेणबत्त्यांपुढे वाकली, असे घडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

या भीतीला पूर्वइतिहास होता. चाळीसच्या दशकात अमेरिकेत लवदार रेयॉनच्या गुराखी-पोशाखांनी पेट घेऊन मुले दगावली होती. पुढे तसेच भडकणारे स्वेटर बाजारात आले आणि १९५३ मध्ये ज्वलनशील कापडांचा कायदा झाला. त्यातील चाचणीत कापडाचा सहा इंची तुकडा ४५ अंशांच्या कोनात धरून त्याला एक सेकंद ज्योत लावत. साध्या पृष्ठभागाच्या कापडावर ज्योत साडेतीन सेकंदांच्या आत ठरलेले अंतर ओलांडून गेली तर ते कपड्यांसाठी बाद. ही कसोटी फार सैल आहे अशी टीका पुढे सतत होत राहिली, आणि डिसेंबर १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कागद, प्लॅस्टिक, फोम यांसारखे पदार्थही त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणले गेले. कागदी कपड्यांची लाट ऐन भरात असतानाची ही तारीख आहे. ब्रिटनमध्ये तर मुलींच्या झोपायच्या झग्यांसाठी वेगळे नियम १९६४ मध्येच लागू झाले होते.

जुनी पेटी

थोडे मागे जाऊन पाहिले तर मुलांना कागदात गुंडाळण्याची कल्पना साठच्या दशकाची नाही हे दिसते. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनी आणि ऑस्ट्रियात कापूस व लोकर मिळेनाशी झाली, तेव्हा कागदाच्या पट्ट्या कापून, त्यांना पीळ देऊन सूत काढले आणि त्या सुताचे कापड विणून कपडे शिवले. त्यात मुलांचेही होते. ते खरखरीत होते, पण विणलेले होते, आणि ते टाकून देण्यासाठी नव्हे तर दुसरे काही मिळत नाही म्हणून घातले जात होते.

दुसरी परंपरा हौसेची आहे. अमेरिकेतील डेनिसन कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून क्रेप (चुणीदार, ताणता येणारा) कागद विकत असे आणि त्याच्या सोबतीला पोशाख कसे करावेत हे चित्रांसह सांगणाऱ्या पुस्तिका काढत असे. हॅलोविनला आणि शाळेच्या कार्यक्रमांना मुले त्या कागदाची फुले, परी, भोपळे होऊन जात. यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. कागद थेट अंगावर नसे, आत साध्या सुती कापडाचा झगा असे आणि क्रेपच्या झालरी त्यावर टाचलेल्या असत. ताण कापड घेत असे, शोभा कागद देत असे. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत फुलपाखरांचे पंख आणि परीच्या झालरी अशाच टाचल्या जातात, त्यामुळे ही युक्ती आपल्याला नवी नाही. साठच्या दशकातील उत्पादकांनी आतले कापड काढून टाकले आणि कागदालाच कपडा व्हायला सांगितले. पिंजारी यांनी सांगितलेले काखेत उलणे तेथून सुरू होते.

कमलपत्र

मार्स कंपनीचा कोरा पांढरा झगा आणि त्याच्यासोबत रंगांची पेटी असा एक संच मिळत असे असे मी वाचले आहे. तो मुलांसाठी होता का? कारण असेल तर मुलांच्या मनाजोगता माल कुणाला सुचलाच नव्हता, हे म्हणणे टिकत नाही.

सुतगुंडी

कमलपत्र, तो संच मोठ्यांच्या बाजारासाठी होता. १९६६ मध्ये ब्रुकलिनच्या अब्राहम अँड स्ट्रॉस या दुकानात त्याची जाहिरात करायला खुद्द वॉरहॉलला बोलावले होते आणि त्याने गायिका निको हिच्या अंगावरच्या झग्यावर ‘फ्रॅजाइल’, म्हणजे ‘नाजूक माल, जपून हाताळा’ या अर्थाचा शब्द उमटवला. गंमत अशी की कपडा स्वतः रंगवायचा ही मूळची बालवाडीची कल्पना आहे, पण तिचा उपयोग मोठ्या माणसांना मूल झाल्यासारखे वाटावे म्हणून केला गेला. एकूणच ही लाट मोठ्यांनी मुलांच्या खेळातून उचललेली वाटते. कागदी बाहुलीला जसे खांद्यावरचे पंख दुमडून झगे अडकवतात तशा सपाट आकाराचे झगे बायका घालत होत्या. आणि ज्यांच्या खेळातून हे सगळे आले त्या मुलींच्या वाट्याला मात्र बायकांच्या झग्याची छोटी आवृत्ती आली.

वाडीकर

मला या चर्चेचे मूळ गृहीतकच तपासावेसे वाटते. मुलांचे टाकाऊ कागदी कपडे अपयशी ठरले असे आपण सगळे धरून चाललो आहोत. ते अपयशी ठरलेले नाहीत, ते आज जगभर कोट्यवधी मुलांच्या अंगावर आहेत. आपण त्यांना डायपर म्हणतो, एवढेच.

तारखा पाहा. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९५७ मध्ये चार्मिन ही कागद बनवणारी कंपनी विकत घेतली आणि लगद्याचा आणखी उपयोग काय करावा या शोधात व्हिक्टर मिल्स या अभियंत्याच्या गटाने टाकाऊ लंगोटावर काम सुरू केले. १९६१ मध्ये इलिनॉयमधील पिओरिया येथे ‘पॅम्पर्स’ चाचणीसाठी विकायला ठेवले. एकाची किंमत दहा सेंट होती आणि मालाला नावे न ठेवताही लोकांनी तो घेतला नाही, कारण तो महाग होता. कंपनीने झगमगाट करण्याऐवजी यंत्रे सुधारली, किंमत सहा सेंटांच्या आसपास आणली आणि मग बाजार उघडला. आता कागदी झग्यांशी संबंधित दोन कंपन्या पाहा. ‘पेपर केपर’वाल्या स्कॉटने त्याच साठच्या दशकात ‘बेबीस्कॉट’ नावाचे डायपर बाजारात आणले, आणि ‘केसेल’ बनवणाऱ्या किंबर्ली-क्लार्कने १९६८ मध्ये ‘किम्बीज’ काढले. म्हणजे झग्यांची लाट ओसरत होती त्याच सुमारास हेच लोक, जवळपास तोच कच्चा माल घेऊन, मुलांच्या कमरेखाली वळत होते. स्कॉटला तेथे जम बसवता आला नाही, किंबर्ली-क्लार्कला बसला.

एक जगले आणि दुसरे मेले याचे कारण मला असे दिसते की डायपर टाकून दिल्याने एक ओंगळ काम वाचते, तर झगा टाकून दिल्याने काहीच वाचत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांत धुलाई यंत्र आलेले होते आणि इस्त्री न लागणारे मिश्र सुताचे कापडही मिळू लागले होते. मुलीचा फ्रॉक धुणे हे तेथे काम राहिलेले नव्हते. लंगोट धुणे मात्र यंत्र असूनही नकोसेच होते.

नीरक्षीर

वाडीकर, तुमचा मुद्दा तर्काला धरून आहे, पण डायपरला ‘कपडा’ म्हणणे मला ओढूनताणून वाटते. कपडा लोकांनी पाहावा म्हणून घालतात. मुलीला वाढदिवसाचा झगा आवडतो तो पुढच्या रविवारी पुन्हा घालता येईल म्हणूनही आवडतो. ‘आज घाल, उद्या फेकू’ असे सांगितल्यावर ती रडणार नाही याची खात्री कोण देईल? मोठ्यांना नव्याची हौस असते, मुलांना मात्र ओळखीच्या कपड्याची माया असते. एकच विटका फ्रॉक अंगावरून काढू न देणारी मुले प्रत्येक घरात असतात. कागदी झगा विकणाऱ्यांनी आईचा विचार केला, थोडाफार वडिलांच्या खिशाचाही केला, घालणाऱ्याला कुणी विचारलेच नाही.

पिंजारी

नीरक्षीर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी उद्योगाच्या बाजूने पाहता वाडीकर अधिक बरोबर आहेत. डायपरमध्ये कागदाचा लगदा जे करतो ते त्याचे स्वाभाविक काम आहे, ओल शोषणे. झग्यात त्याच लगद्याला ओल टाळायला, ताण सोसायला आणि ज्योतीपासून दूर राहायला सांगितले होते. ही तिन्ही कामे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहेत. कपड्याचे काम करू शकणारे न विणलेले पदार्थ त्याच सुमारास आले, पण ते कागद नव्हते. ड्युपाँटचे ‘टायव्हेक’ हे पॉलिएथिलीनच्या सूक्ष्म तंतूंचे असून १९६७ पासून विक्रीला आले. ते ओले झाले तरी फाटत नाही. परंतु ते अंगावर कुरकुरते आणि त्यात उकडते, म्हणून ते संरक्षक पोशाखांकडे गेले. रुग्णालयातील एकदाच वापरायचे झगे आणि टोप्याही आता बहुतांशी अशाच कृत्रिम तंतूंच्या असतात.

अडकित्ता

नंतरच्या घडामोडीही येथे नोंदवतो, म्हणजे मुलांसाठी हा माल पुन्हा उभा का राहिला नाही ते कळेल. अमेरिकेत सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मापाच्या झोपायच्या कपड्यांसाठी १९७१ मध्ये कडक मानक आले आणि १९७२ पासून लागू झाले. त्यात पट्टी उभी टांगून खालच्या कडेला तीन सेकंद ज्योत लावतात, आणि मुख्य म्हणजे कपडा ५० धुलायांनंतरही त्या कसोटीला उतरला पाहिजे. पाण्याने निघून जाणारी ज्वालारोधक प्रक्रिया या दारातून आत येऊच शकत नव्हती. हे मानक दिवसाच्या झग्यांना लागू नव्हते हे खरे आहे, परंतु कपड्यांच्या दुकानातील मुलांच्या विभागाचे वातावरण त्याने ठरवले. पुढे टिकाऊ प्रक्रियेसाठी पॉलिएस्टरवर वापरले जाणारे ‘ट्रिस’ हे रसायनच कर्करोगाच्या शंकेमुळे १९७७ मध्ये मुलांच्या झोपायच्या कपड्यांत बंद करावे लागले.

कमलपत्र

हे झगे टाकून देण्यासाठी होते, तर आज ते पाहायला कोठे मिळतात? आणि मुलांचे त्यांत असतात का?

जुनी पेटी

बायकांचे झगे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांत आहेत. अथेन्समधील अटोपोस या संस्थेने मोठा संग्रह जमवला असून त्याचे प्रदर्शन २००७ मध्ये तेथील बेनाकी संग्रहालयात झाले होते. फीनिक्स आर्ट म्यूझियमने उभे केलेले साठच्या दशकातील कागदी फॅशनचे प्रदर्शन २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइनमध्येही मांडले गेले. टपालाने आलेला झगा पाकिटातून बाहेरच न काढता कुणी कपाटात ठेवून दिला, की तो टिकतो, आणि मोठ्यांच्या बाबतीत असे घडण्याची शक्यता अधिक. मुलीच्या हाती पाकीट लागले तर ते उघडले जाणारच, त्यामुळे मुलांच्या मापाचे नमुने कमी आढळणे स्वाभाविक आहे.

कुणाच्या परदेशातील नातेवाइकांकडे असा एखादा झगा निघाला तर त्याच्या जुन्या घड्यांवर पुन्हा घडी घालू नये, कारण तंतू तेथेच तुटतात. आम्लमुक्त पातळ कागदाच्या गुंडाळ्या घडीच्या जागी भरून तो शक्यतो सपाट ठेवावा, प्रकाशापासून दूर ठेवावा, आणि चिकटपट्टीने केलेली जुनी दुरुस्ती स्वतः ओढून काढू नये. तिचा डिंक लगद्यात मुरलेला असतो आणि पट्टीबरोबर वरचा छापील थरही निघून येतो.